गिझरच्या पोटातला गाळ



गटातून कर्ज घेऊन आपल्यातल्या काही जणींनी घरात गिझर बसवला. सरपण, धूर यातून सुटका झाली. कर्जाचा हप्ता आपण तारखेला भरतो, पण गिझर बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून या अंकाचा पाठ टाकीच्या गिझरवर.

गाळ येतो कुठून?

बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याला पांढरा थर धरतो, हे सगळ्याजणींना माहीत आहे. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. साबणाला फेस येत नसेल, डाळ लवकर शिजत नसेल, तर पाणी जड आहे असं समजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

पातेलं आपण घासतो, पण गिझरची टाकी बंद. तिथे थर कॉईलवर बसतो. मग कॉईल जास्त तापते आणि लवकर जळते. तिचं आवरण फुटलं तर पाण्यात करंट उतरू शकतो. गाळाने सेफ्टी वॉल्व्ह अडकला तर वाढलेला दाब बाहेर पडत नाही. म्हणजे हा नुसता खर्चाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

खुणा ओळखा: तापताना तडतड आवाज येतो, गरम पाणी पहिल्यापेक्षा कमी मिळतं, नळाच्या जाळीत पांढरी कच अडकते.

गाळ असा काढा

१. आधी गिझरचा एमसीबी बंद करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

२. गरम पाण्याचा नळ सोडा आणि गार पाणी येईपर्यंत पाणी वापरून घ्या. गरम असताना टाकी रिकामी करू नका, हात भाजेल.

३. गिझरला येणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करा. गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवा, म्हणजे टाकीत हवा जाईल.

४. खाली बादली धरून सेफ्टी वॉल्व्हची दांडी उचला. काही गिझरला त्यासाठी वेगळा बूच असतो. पहिल्या वेळी फिटरकडून दाखवून घ्या.

५. टाकी रिकामी झाली की गार पाण्याचा कॉक थोडा उघडा. बादलीत स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊ द्या.

६. वॉल्व्ह बंद करून टाकी भरा. गरम पाण्याच्या नळातून हवा न येता सलग धार आली, की नळ बंद करा. त्यानंतरच एमसीबी चालू करा. रिकाम्या टाकीत कॉईल लगेच जळते.

पाणी जड असेल तर दर तीन महिन्यांनी, नाहीतर सहा महिन्यांनी हे करा.

वायरमनचं काम वायरमनलाच

झाकण उघडणं, कॉईल आणि थर्मोस्टॅट तपासणं ही कामं आपली नाहीत. वर्षातून एकदा वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीला गंज लागू नये म्हणून ती स्वतः झिजते. ती संपली असेल तर बदलून घ्या. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरू नका.

एका वस्तीतल्या चार-पाच जणींनी मिळून एकाच दिवशी वायरमन बोलावला, तर येण्या-जाण्याचा खर्च वाटून घेता येईल.

पुढच्या मासिक बैठकीसाठी

- आपल्या गटात किती घरांत गिझर आहे? गाळ शेवटचा कधी काढला?
- कोणाकोणाच्या घरी अर्थिंग तपासलेलं आहे?
- गाळ काढल्याची तारीख गिझरजवळच्या भिंतीवर लिहा. घरातल्या सगळ्यांना, मुलग्यांनाही, हे काम शिकवा.

आपल्या गटात काय ठरलं, ते इतिवृत्तात जरूर लिहा ताई.

तुमची,
क्षेत्र समन्वयक