कचेरीतील टेबल आणि अंगावरचे लिंग



या महिन्याच्या अभ्यासासाठी एक साधा दिसणारा विषय घेतला आहे. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळी विभूती लावून आपण कामावर जातो. कोणी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, कोणी वडोदऱ्याच्या कारखान्यात, कोणी इंदुरात दुकानाच्या गल्ल्यावर, तर कोणी हैदराबादेत काचेच्या उंच इमारतीत संगणकापुढे. तेथे गेल्यावर कपाळावरची विभूती ठेवावी की पुसावी? इष्टलिंग शर्टाच्या आत असावे की बाहेर? टेबलावर बसवण्णांची तसबीर मांडावी का? आणि एखाद्या दिवशी साहेबांनी 'हे काढून ठेवा' असे सांगितले तर काय करावे? हे प्रश्न घराघरांत विचारले जातात आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे उत्तर तावातावाने तरी दिले जाते, नाही तर टाळले तरी जाते. आपण ते शरणांच्या आधाराने शोधू.

प्रथम नुलिय चंदय्यांची कथा घ्या. चंदय्या गवताचे दोर वळून विकणारे शरण. दोर विकून जे मिळेल त्यातून जंगमदासोह करावा, हा त्यांचा नेम. एकदा पाण्याच्या काठी गवत कापीत असता त्यांचे इष्टलिंग अंगावरून निसटून खाली पडले. चंदय्यांनी काम थांबवले नाही. भारा बांधला आणि ते चालू लागले. लिंग त्यांच्या मागोमाग आले, मला घे म्हणून विनवू लागले, तरी ते मानेनात. पुढे मडिवाळ माचय्या मध्ये पडले. लिंगावाचून नुसते कायक कसे पुरे पडेल, असे त्यांनी समजावले, तेव्हा चंदय्यांनी लिंग पुन्हा धारण केले. तेही एका अटीवर, की लिंगानेसुद्धा कायक केले पाहिजे. मग त्या लिंगाकडे दोर विकण्याचे काम आले, असे सांगतात. शून्यसंपादनेत हा प्रसंग मोठ्या गोडीने आला आहे.

ही कथा आपल्यात पुष्कळदा अर्धीच सांगितली जाते. 'काम हेच सर्व, लिंग पडले तरी हरकत नाही' एवढेच उचलून काही सुशिक्षित मंडळी लिंगधारणेलाच सुट्टी देतात. उलट काहीजण फक्त माचय्यांचे बोलणे लक्षात ठेवतात आणि कामाचे नाव घेत नाहीत. कथेचा निवाडा या दोहोंच्या पलीकडे आहे. लिंग अंगावर परत आले आणि आल्याबरोबर कामालाही लागले. आता आणखी एक गोष्ट पाहा, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ते लिंग परत कोठे आले? चंदय्यांच्या देहावर. दोरांच्या बाजारात चौरंग मांडून, सर्वांना दिसेल असे त्याला कोणी बसवले नाही.

आयदक्की मारय्यांचे सांगणे तर त्याहून कडक आहे. हातात काम असताना गुरू समोर आले किंवा पूजेची वेळ झाली, तरी कामाला अडथळा होऊ देऊ नये, असा त्यांच्या वचनाचा आशय आहे. कचेरीत अकरा वाजता खिडकीपुढे रांग लागलेली असताना आत तसबिरीला हार घालीत बसणाऱ्याने हे वचन अवश्य वाचावे.

आता अष्टावरणांचा विचार करू. गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष आणि मंत्र. यांपैकी अंगावर बाळगायची ती लिंग, विभूती आणि रुद्राक्ष. लिंग अंगावरून दूर करू नये हा आपला दंडक आहे, परंतु ते लोकांना दिसलेच पाहिजे असा दंडक कोठेही नाही. आणि तसबीर? ती तर अष्टावरणांत बसतच नाही. तसबिरीवर प्रेम असावे, आदर असावा. पण टेबलावर तसबीर नसल्याने कोणाचे लिंगायतत्व उणे होत नाही. देहालाच देवालय म्हणणाऱ्या बसवण्णांच्या अनुयायांना हे वेगळे सांगावे लागू नये, तरी सांगावे लागते.

हा भेद नीट धरला तर पुष्कळ भांडणे सुरू होण्याआधीच मिटतात. परदेशातील एक खटला या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. ब्रिटिश एअरवेजमध्ये प्रवाशांची नोंदणी करणाऱ्या नादिया इवेडा या बाई गळ्यातला लहानसा क्रूस गणवेशावर दिसू देत. कंपनीचा नियम आड आला आणि २००६ साली त्यांना बिनपगारी घरी बसावे लागले. पुढे २००७ च्या फेब्रुवारीत कंपनीने स्वतःच नियम बदलला. याच सुमारास शर्ली चॅप्लिन या परिचारिकेलाही रुग्णालयाने गळ्यातला क्रूस काढण्यास सांगितले होते. दोन्ही प्रकरणे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली आणि १५ जानेवारी २०१३ रोजी निकाल लागला. इवेडाबाई जिंकल्या, चॅप्लिनबाई हरल्या. धर्म एक, चिन्ह एक, न्यायालय एक, तरीही निकाल दोन. विमान कंपनीला केवळ आपल्या गणवेशाची छाप जपायची होती, आणि तेवढ्यासाठी एका व्यक्तीची श्रद्धा दडपणे न्यायालयाला प्रमाणाबाहेरचे वाटले. रुग्णालयात मात्र कारण वेगळे होते. रुग्ण गळ्यातली साखळी ओढू शकतो, ती जखमेला लागू शकते. तेथे क्रूस गणवेशावर पिनेने लावण्याचा किंवा बंद गळ्याच्या कपड्याआड ठेवण्याचा पर्यायही सुचवला गेला होता; तो चॅप्लिनबाईंच्या श्रद्धेला पटला नाही.

आपल्याकडे हाच पर्याय सहज पटण्यासारखा आहे, हे ध्यानात घ्या. लेथवर, पट्ट्यावर किंवा फिरत्या शाफ्टजवळ काम करणाऱ्या बांधवांनी गळ्यात काहीही लोंबते ठेवू नये. चालू यंत्राजवळचे काम अंगाबरोबर बसणारे कपडे घालूनच करावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच होती. यंत्र माणसाचा धर्म विचारून थांबत नाही. अशा ठिकाणी चांदीची जड डबी (सीमाभागात तिला करडिगे म्हणतात) आणि लांब साखळी घरी ठेवावी. लिंग सुती वस्त्रात घट्ट बांधून, आखूड शिवदोऱ्याने बनियनच्या आत छातीशी धरावे. रुग्णालयात किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनीही असेच करावे. चांदीची डबी ही भक्ताची हौस आहे, लिंगाची गरज नव्हे. विमानतळावर किंवा मोठ्या कंपनीच्या दारात धातुशोधक यंत्र वाजते ते या डबीमुळे, आणि मग पहारेकऱ्याशी हुज्जत होते. सुती वस्त्र असेल तर ही अडचण बहुधा येतच नाही. आलीच तर दोन वाक्यांत शांतपणे समजावून सांगता येते.

तथापि सर्वच मनाई सुरक्षिततेची नसते. कधी कोणाला आपल्या कपाळावरची विभूती केवळ आवडत नाही. 'हे असले काय लावून येता' असे हसत हसत म्हटले जाते, आणि आपला मुलगा दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये चढण्यापूर्वी रुमालाने कपाळ पुसू लागतो. आईला वाटते घामाने गेली. सद्भक्तहो, येथे मात्र मऊ होऊ नका. विभूतीने संगणक बिघडत नाही, यंत्र अडत नाही, रुग्णाला इजा होत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत धर्माच्या कारणाने भेद करण्यास मनाई केली आहे. खासगी कंपनीत ही कलमे तशीच्या तशी लागू करता येत नाहीत, हेही खरे. म्हणून तेथे बोलण्याची रीत महत्त्वाची. नियम लेखी आहे का, तो सर्व धर्मीयांना सारखा आहे का, त्यामागचे कारण काय, हे नम्रपणे विचारावे. कारण सुरक्षिततेचे असेल तर पर्याय स्वतःहून पुढे करावा. कारण केवळ नावडीचे असेल तर लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत जवळ ठेवावी आणि काम चोख करीत राहावे. ज्याचे काम चोख त्याच्या अर्जाला वजन, हा अनुभव आहे.

दुसऱ्याच्या चिन्हाबाबतही आपली भूमिका हीच असली पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये बीदर येथे प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर एका विद्यार्थ्याला जानवे काढण्यास सांगण्यात आले आणि त्याची परीक्षा बुडाली. जानवे आपल्या परंपरेत नाही. बसवण्णांनी तर ते स्वतः नाकारले. परंतु स्वतः विचार करून सोडणे वेगळे आणि दारातल्या माणसाने उतरवायला लावणे वेगळे. आज त्या दोऱ्यावर आलेली वेळ उद्या शिवदोऱ्यावर येऊ शकते.

येथवर अंगावरच्या चिन्हांचे झाले. टेबलाचा नियम निराळा आहे, कारण टेबलाच्या पलीकडे कोणीतरी बसलेले असते. मुलाबाळांचे छायाचित्र, घरून आणलेला पाण्याचा तांब्या, एखादे रोप यांनी कोणाला भीती वाटत नाही. धर्मचिन्ह मात्र वाचले जाते. उताऱ्यासाठी आलेला मुसलमान शेतकरी किंवा निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आलेली दलित विधवा प्रथम तुमचे कपाळ पाहते, मग टेबलावरची तसबीर पाहते आणि मनात हिशेब करते : माझे काम येथे होईल का? आपण तसे नाही, असे तुम्ही म्हणाल. पण हे तिला कसे कळावे? 'आपला' आणि 'परका' ही वाटणी पुसणारे वचन ज्यांनी दिले त्यांच्याच तसबिरीमुळे कोणी दारातच कचरला, तर दोष तसबिरीचा नाही, मांडणाऱ्याचा आहे. म्हणून माझे मत असे, की ज्याच्या हाती लोकांचे काम अडवण्याचा अधिकार आहे त्याने टेबल मोकळे ठेवावे. ज्याला तसबिरीवाचून चैन पडत नाही त्याने ती टेबलाच्या खणात, आपल्यालाच दिसेल अशी ठेवावी. काही बांधवांना हे मत रुचणार नाही, याची कल्पना आहे.

बसवण्णा स्वतः बिज्जळाच्या दरबारी भांडारी होते, म्हणजे आजच्या भाषेत खजिन्याचे अधिकारी. लिंगधारण करूनच ते दरबारात बसत. जंगमांवर खजिना उधळतात अशी चुगली राजाच्या कानी गेली, हिशेब तपासला गेला आणि खजिना जसाच्या तसा भरलेला निघाला, अशी कथा चरित्रग्रंथांत येते. विरोधकांनी त्यांच्या धर्माचरणावर बोट ठेवले आणि उत्तर मात्र हिशेबाच्या वहीने दिले.

भिंतीविषयी थोडक्यात. भिंत कोणा एकाची नसते; तेथे काय लावायचे हे संस्थेने ठरवावे. जानेवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्यांतील आणि शाळांतील देवदेवतांच्या तसबिरींबाबत परिपत्रक निघाले, गदारोळ झाला आणि ते मागे घेतले गेले. कर्नाटकात जानेवारी २०२४ मध्ये बसवण्णांना राज्याचे सांस्कृतिक नायक घोषित करण्यात आले आणि पुढच्याच महिन्यापासून सरकारी कचेऱ्यांत त्यांचे चित्र लावण्याचा आदेश अमलात आला. आपल्याला आनंद झाला, तो योग्यच आहे. पण ते चित्र तेथे आपल्या समाजाचे दैवत म्हणून लागलेले नाही. त्यापुढे उदबत्ती लावून, हार घालून त्याला आपल्या समाजाचे करू पाहणारे बसवण्णांना लहान करीत आहेत.

दुकान किंवा कारखाना स्वतःचा असेल तर तसबीर कोठे लावायची हा मालकाचा अधिकार आहे. मात्र खंडेनवमीच्या यंत्रपूजेला किंवा बसवजयंतीला नोकरांच्या पगारातून वर्गणी कापणे, न येणाऱ्याची हजेरी मांडणे, हे बंद करावे. दासोह आपल्या कमाईतून करायचा असतो. दुसऱ्याच्या पगारातून केलेल्याला दासोह म्हणत नाहीत.

शेवटी एक बारीकशी सूचना. बदली झाली की आपल्यातील पुष्कळजण टेबलाचा खण रिकामा करतात आणि मागच्या खिळ्यावरची तसबीर तशीच सोडून जातात. नवीन येणाऱ्याला ती काढताही येत नाही आणि पुसावीशीही वाटत नाही. वर्षभराने तिच्यावर धुळीचा थर आणि वाळलेला हार दिसतो. आपण लावलेली तसबीर निघताना आपण उतरवावी, वस्त्रात गुंडाळून घरी न्यावी आणि खिळाही काढून ठेवावा.