ओढणारे चाक आणि ओढले जाणारे चाक

रायपूरच्या सभोवार भाताची शेती पसरलेली आहे. शहराच्या उत्तरेकडे उरला आणि सिलतरा येथे लोखंड-पोलादाचे कारखाने उभे आहेत. धान्य, सळया, सिमेंट, यंत्रांचे सुटे भाग अशा नाना प्रकारच्या मालाची येथे अहोरात्र वाहतूक चालते. मोठ्या मालमोटारींच्या जोडीला लहान पिकअप गाड्याही या कामी येतात आणि पुष्कळदा त्यांच्या मागे दुचाकी ट्रॉली जोडलेली असते. अशा गाडीस मूळच्यापेक्षा मोठे टायर बसविले असता ती अधिक ओझे ओढील, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो कितपत खरा आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

बैलगाडीचा दाखला

या समजाचे मूळ बहुधा बैलगाडीत असावे. जुन्या बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असे, आणि त्यास सबळ कारण होते. वाटेत १० सेंटीमीटर उंचीचा दगड आडवा आला आहे, असे समजू. ३५ सेंटीमीटर त्रिज्येचे चाक त्यावर चढविण्यास आसापाशी चाकावरील भाराच्या जवळजवळ ९८ टक्के इतका आडवा ओढ लावावा लागतो. त्रिज्या ७० सेंटीमीटर केली, तर सुमारे ६० टक्के ओढ पुरतो. म्हणून खाचखळग्यांच्या वाटेवर मोठे चाक बैलांचे श्रम वाचविते.

पुढे हवा भरलेल्या रबरी टायरचा शोध लागला. रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ मध्ये त्याचे एकस्व घेतले, आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी तो नव्याने शोधून व्यवहारात आणला. लोखंडी धावेच्या जागी हे टायर आले, तेव्हा लहान चाकाची बैलगाडीही सुखाने चालू लागली. तिला आपल्याकडे ‘डनलॉप गाडी’ असेच नाव पडले.

परंतु बैलगाडीचे चाक ओढले जाते; पिकअपचे मागील चाक स्वतः ओढते. सारा भेद येथेच आहे.

त्रिज्या वाढली की जोर घटतो

इंजिन आसास पीळ देते. या फिरविण्याच्या सामर्थ्यास परिबल म्हणतात. परिबलास चाकाच्या त्रिज्येने भागले असता चाक रस्त्यास किती जोराने मागे रेटते, ते कळते. परिबल तेच राहून त्रिज्या वाढली, तर हा जोर कमी होणार, हे उघड आहे.

टायरवरील आकड्यांवरून याचा हिशेब करता येतो. ‘२१५/७५ आर १५’ याचा अर्थ असा : टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि लोखंडी चाकाचा व्यास १५ इंच. यावरून टायरचा एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो. ‘२६५/७५ आर १५’ या टायरचा व्यास ७७८.५ मिलिमीटर, म्हणजे १०.७ टक्के अधिक भरतो.

आता एखाद्या गिअरमध्ये आसावर एकूण १,४०० न्यूटन-मीटर परिबल मिळते, असे मानू. लहान टायर सुमारे ३,९८० न्यूटन जोर देईल. मोठा टायर सुमारे ३,६०० न्यूटन. गाडी, ट्रॉली व माल मिळून ४,५०० किलोग्रॅम वजन १५ मीटरांस १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर न्यावयाचे असेल, तर गुरुत्वाकर्षणापोटी सुमारे २,९४० आणि चाकांच्या रोधापोटी सुमारे ६६० न्यूटन लागतात, एकूण ३,६००. लहान टायरजवळ काही जोर शिल्लक उरतो. मोठ्याजवळ काहीच उरत नाही. चालकास खालचा गिअर टाकणे भाग पडते.

ट्रॅक्टरची चाके तर मोठीच असतात, अशी शंका कोणी घेईल. ट्रॅक्टरमधील दंतचक्रे आसाचा वेग पुष्कळ कमी करून त्याचे परिबल वाढवितात. मोठे चाक त्या हिशेबानेच योजलेले असते. पिकअपमध्येही क्राउन-पिनियनचे प्रमाण ४.१० असल्यास ते सुमारे ४.५४ केल्याने गेलेला जोर परत मिळेल. केवळ टायर बदलून मिळणार नाही.

उतारावरील धोका

रायपूरहून जगदलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३० धमतरी व कांकेरवरून केशकालच्या वळणावळणांच्या घाटात येतो. अशा घाटात चढापेक्षा उतार अधिक कसोटीचा. ब्रेकचा पीळही त्रिज्येने भागला जात असल्याने, पायाने तेवढाच दाब दिला तरी रस्त्यावर मिळणारा रोध जवळजवळ दहाव्या हिश्शाने घटतो. इंजिनाचा रोधही त्याच प्रमाणात उणावतो. शिवाय वेगमापक ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ताशी ६६ किलोमीटरांहून अधिक वेगाने जात असते. गाडीचा मागचा आकडा सुमारे पावणेचार सेंटीमीटर वर उचलला जातो, ट्रॉलीचा तोल मागे जातो आणि ती डोलू लागण्याचा संभव वाढतो.

भार आणि हवा

मऊ चिखलात रुंद टायर कमी रुततो, हा त्याचा खरा गुण होय. भार वाहण्याच्या दृष्टीने मात्र टायरच्या आकाराइतकेच भारांकास आणि आतील हवेस महत्त्व आहे. भारांक १०० म्हणजे ८०० किलोग्रॅम, ११० म्हणजे १,०६० किलोग्रॅम. अधिक भारांकाचा टायर घातल्याने कमानी, आस व ब्रेक यांची मर्यादा वाढत नाही.

हवा कमी असल्यास टायरच्या बाजू वारंवार दुमडतात, तापतात आणि अखेर फाटतात. रायपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर जाते. तेथे ही काळजी विशेष घ्यावी लागते. टायर ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापला, तर त्यातील दाब दर चौरस सेंटीमीटरास ३ किलोग्रॅमवरून सुमारे ३.४ पर्यंत चढतो. ही वाढ स्वाभाविक आहे; तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा.

गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा प्रतिबंध आहे. तेव्हा निर्मात्याने सांगितलेल्या मापाचा, पुरेशा भारांकाचा टायर घ्यावा आणि त्यात योग्य दाबाची हवा राखावी, हेच श्रेयस्कर.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘२३५/७५ आर १५’ या टायरचा व्यास काढा. ‘२१५/७५ आर १५’ च्या जागी तो बसविल्यास ओढण्याचा जोर किती टक्क्यांनी घटेल?
२. केवळ ट्रॉलीची चाके मोठी केल्यास चढावर इंजिनास मदत होईल काय? खडबडीत वाटेवर काय होईल? कारणे द्या.