दुखणं छातीत, कारण दुसरीकडे

आमच्या चिंचणीत आणि शेजारच्या वरोर, धाकटी डहाणूपर्यंतच्या गावांत अनेक घरांमध्ये दागिन्यांचे डाय कोरण्याचं काम चालतं. पोलादाचा ठोकळा घट्ट धरायचा, भिंगातून बघत छिन्नी-हातोडीने नक्षी उतरवायची आणि मान-खांदे पुढे वाकवून तासन्‌तास बसायचं. मीही आयुष्यभर हेच केलं. पन्नाशी उलटल्यावर माझ्या छातीत डाव्या बाजूला दुखू लागलं, तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला: अटॅक. तो अटॅक नव्हता. पण अटॅक नाही हे एका रात्रीत कळलं, आणि मग नेमकं आहे काय, हे कळायला बरेच महिने गेले. त्या काळात स्वतःच्या आणि घरच्यांच्या दुखण्यातून जे समजलं, ते लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकाची माहिती आहे ती माझ्यावर उपचार करणाऱ्यांना विचारून घेतलेली.

१. पहिल्या रात्री कारण शोधत बसू नका.

छातीत दुखू लागलं की घरातला प्रत्येक जण कारण सांगतो. संध्याकाळचं जेवण, उन्हातलं काम, जड पिशवी, काल झालेलं भांडण. यातलं एखादं खरंही असेल, पण त्या घटकेला प्रश्न एकच असतो: जिवाला धोका आहे का? माझ्या बायकोला हे माझ्या आधी कळलं. "अहो, उठा. सकाळपर्यंत थांबायचं नाही. काय असेल ते डॉक्टर सांगतील," म्हणाली आणि तिने शेजारच्या मुलाला गाडी काढायला लावली.

तिची घाई अगदी बरोबर होती. रक्तवाहिनी बंद पडली असेल तर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. म्हणूनच छातीत दुखणारा माणूस दवाखान्यात पोचल्यावर १० मिनिटांत त्याचा ईसीजी निघावा, असा जगभरचा दंडक आहे. आमच्याकडे हे आणखी महत्त्वाचं, कारण अँजिओग्राफीसाठी इथली माणसं वापी, वलसाड, वसई-विरार नाहीतर मुंबई गाठतात. वाट लांबची, म्हणून पहिला ईसीजी जवळ जिथे निघेल तिथे काढायचा आणि मग पुढचं ठरवायचं. घाम फुटला असेल, दम लागत असेल, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरत असेल, तर १०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. दुखणाऱ्या माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. वाटेत शुद्ध गेली तर सावरायला काहीच नसतं.

२. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी निघू नका.

माझा पहिला ईसीजी चांगला आला आणि बरोबरच्या मंडळींनी तिथेच सुटकेचा निःश्वास टाकला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मात्र थांबवून घेतलं. दुखणं चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढतात, कारण झटक्याच्या सुरुवातीला तो अगदी नेहमीसारखा दिसू शकतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका तर नेहमीच्या बारा लीडमध्ये नीट उमटतच नाही. त्यासाठी पाठीवर इलेक्ट्रोड लावावे लागतात.

रक्तातल्या ट्रोपोनिनचंही तसंच. हृदयाचा स्नायू दुखावला की हे द्रव्य रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात. दुखणं सुरू झाल्या झाल्या तपासलं तर ते सापडणार नाही. म्हणून ३ ते ६ तासांनी पुन्हा रक्त घेतात आणि दोन आकड्यांमधला फरक बघतात. त्या रात्री "एकदा रक्त घेतलं, आता परत कशाला?" असं शेजारच्या खाटेवरच्या एका आजोबांचे नातेवाईक नर्सशी वाद घालत होते. खर्चाची काळजी मला समजते. पण ही दुसरी तपासणी चुकवण्यासारखी नाही. दोन्ही आकडे चांगले आले तरी रक्तवाहिनी अरुंद असू शकते. मला पुढे टूडी इको आणि पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट करायला सांगितली, ती त्यासाठीच.

३. गोळीने उतार पडला, हा पुरावा धरू नका.

गावात हा समज फार घट्ट आहे. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली आणि बरं वाटलं, म्हणजे हार्टचंच. सोडा-ओवा घेतला आणि ढेकर आली, म्हणजे गॅसच. दोन्ही चूक. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते तशीच अन्ननलिकेचा आखडलेला स्नायूही सैल करते, त्यामुळे अन्ननलिकेच्या पेटक्यालाही तिने आराम पडतो. शिवाय रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घातक ठरू शकते. दुसऱ्याची गोळी उचलून तोंडात टाकू नका.

उलट बाजूचं उदाहरण आमच्याच कुटुंबातलं. माझ्या चुलत्यांना पोटाच्या वरच्या भागात, बेंबी आणि छातीच्या मध्ये दुखू लागलं. मळमळ, एक उलटी, सारख्या उचक्या. छातीत कळ अशी नाहीच. सोडा, ओवा, गरम पाणी, सगळं झालं, आणि थोडं बरंही वाटलं. ईसीजी निघाला तेव्हा हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसला. हृदयाचा हा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकलेला असतो, म्हणून त्याचा त्रास पोटाचा वाटतो. काका वाचले, इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून.

अमेरिकेतल्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडूनही माणूस जगू शकतो आणि हा विकार जिवंतपणी ओळखता येतो, हे १९१२ मध्ये मांडलं. त्याआधी असे कितीतरी मृत्यू तीव्र अपचनाच्या नावावर जमा होत. शंभर वर्षं उलटली तरी आपल्या घरांत हे अजून चालू आहे. मधुमेही माणसात आणि बायकांमध्ये विशेष जपा. मधुमेहाने नसा बोथट झालेल्या असतात, कळ येतच नाही किंवा नुसता थकवा आणि दम जाणवतो. बायका कितीदा पाठ, जबडा नाहीतर मळमळ इतकंच सांगतात, आणि घरचे त्यांना पडून राहायला सांगतात.

४. दुखणं नीट सांगता आलं पाहिजे.

हृदयविकार नाही असं ठरल्यावर माझं खरं काम सुरू झालं. डॉक्टरांसमोर "छातीत दुखतं" एवढंच सांगून काही हाती लागत नाही. कुठे दुखतं? मी बोट ठेवून दाखवत होतो. हृदयाच्या दुखण्यात माणूस बहुधा तळवा किंवा आवळलेली मूठ छातीवर ठेवतो, कारण ते दुखणं पसरट, दाबल्यासारखं असतं. ही खूण वैद्यकात सॅम्युअल लेव्हाईन यांच्या नावाने ओळखली जाते. किती वेळ? हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हाचं दुखणं चालताना, चढताना येतं आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरतं. क्षणभराची टोचणी किंवा दिवसभर एकसारखी राहणारी दुख सहसा त्यात बसत नाही. हे ठोकताळे आहेत, त्यांच्यावर विसंबून घरी राहू नये. पण डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

मी एक वही केली. दुखलं की वेळ, त्याआधी काय खाल्लं, काय काम करत होतो, बसलो होतो की आडवा, श्वास घेताना वाढलं का, कशाने थांबलं, इतकं लिहायचं. पुढे ती वहीच कामाला आली.

५. छातीत किती काय काय आहे, हे माहीत असू द्या.

हृदय, अन्ननलिका, फुप्फुसाचं आवरण, पित्ताशय यांच्या नसा मज्जारज्जूत एकमेकींच्या जवळच पोचतात. त्यामुळे कळ नेमकी कुठून आली, हे मेंदूला फोड करून सांगता येत नाही. त्यामुळेच इतकी सोंगं घेणारं दुखणं दुसरं नाही.

सगळ्यात जास्त सापडतं ते आम्लाचं. जेवून आडवं झाल्यावर, वाकल्यावर जळजळ, तोंडात आंबट पाणी, रात्री अचानक जाग. माझ्यावरही आधी हाच संशय होता आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या. फरक पडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं. जठर चांगलं निघालं. पित्ताशयात खडे असतील तर तेलकट जेवणानंतर काही वेळाने उजव्या बरगडीखाली कळ येते आणि उजव्या खांद्यापर्यंत जाते. एका सोनोग्राफीत ते दिसतात. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी ही कळ हृदयाची समजून दोन वर्षं काढली होती.

नागीण हे मला नव्याने कळलेलं कारण. पुरळ उठायच्या दोन-तीन दिवस आधीपासून छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते. तेव्हा कातडीवर काहीच नसतं, म्हणून भलभलत्या तपासण्या होतात. पुरळ दिसल्याबरोबर, शक्यतो ७२ तासांच्या आत, डॉक्टरांकडे जावं; औषध तेव्हाच नीट लागू पडतं. हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल तर आडवं पडल्यावर दुखणं वाढतं आणि पुढे वाकून बसलं की कमी होतं. हे बऱ्याचदा विषाणूच्या तापानंतर येतं.

यात तीन कारणं मात्र अटॅकइतकीच तातडीची आहेत. पाठीपर्यंत चिरत गेल्यासारखी एकदम आलेली असह्य कळ: महाधमनीचं आतलं अस्तर फाटण्याची. लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा बरेच दिवस अंथरुणात राहिल्यानंतर दम, छातीत कळ आणि एका पायाला सूज: फुप्फुसात गुठळी जाण्याची. अचानक एका बाजूला कळ येऊन श्वास अपुरा पडणं, विशेषतः उंच, सडपातळ तरुणाला: फुप्फुसाभोवती हवा साठण्याची. ईसीजी चांगला आहे म्हणून अशा माणसांना घरी पाठवून चालत नाही.

६. काम काय करता, हे स्वतःहून सांगा.

माझं कारण शेवटी एका डॉक्टरांच्या बोटांना सापडलं. त्यांनी वही वाचली. दुखणं कामाच्या दिवशी संध्याकाळी वाढतं, सणाच्या सुट्टीत जवळजवळ नसतं, कुशीवर वळताना टोचतं, हे त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केलं. शर्ट काढायला लावला आणि छातीच्या मधल्या हाडाला बरगड्या जिथे जुळतात, तो प्रत्येक सांधा दाबत खाली आले. डाव्या तिसऱ्या बरगडीला मी ओरडलोच.

"हेच का ते?"

"हेच. अगदी हेच."

मग त्यांनी विचारलं, काम काय करता, ठोकळा कुठल्या हाताने दाबून धरता, किती वेळ वाकता. बरगडी आणि हाड यांच्यामधल्या कूर्चेचा तो दाह होता. सूजही असेल तर त्याला अलेक्झांडर टिट्झे या जर्मन शल्यचिकित्सकाचं नाव आहे, त्यांनी १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं. माझ्यात सूज नव्हती. या दाहासाठी कुठलीही खास रक्ततपासणी नाही, एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. हाताने तपासूनच निदान होतं. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली: दाबल्यावर दुखतं, म्हणून हृदय ठीक आहे असं आपोआप ठरत नाही, तुमच्या हृदयाच्या तपासण्या आधी झाल्यात म्हणून मी हे निर्धास्तपणे सांगतो आहे.

उपाय साधे होते. कामाचं टेबल उंच केलं, म्हणजे वाकणं कमी झालं. मधूनमधून उठून दाराच्या चौकटीला हात टेकून छाती ताणायची. गरम पाण्याची पिशवी. वेदनाशामक गोळ्या थोडेच दिवस, त्याही रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी बघून. दुखणं हळूहळू गेलं. खूप काम केलं की अजून डोकावतं.

डाय कोरणाऱ्या, बोटीवर जाळी ओढणाऱ्या, चिकूच्या वाडीत दिवसभर हात वर करून फळं उतरवणाऱ्या प्रत्येकाने हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. गर्दीच्या ओपीडीत तो प्रश्न राहून जातो.

७. भीतीने येणारं दुखणं खोटं नसतं.

मधल्या काळात मला आणखी एक त्रास जडला. रात्री छातीत जरा टोचलं की धडधड वाढायची, श्वास भराभर व्हायचा, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या यायच्या. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून त्या मुंग्या. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये जेकब डा कोस्टा यांनी असंच छातीचं दुखणं आणि धडधड पाहिली आणि १८७१ मध्ये ते लिहून ठेवलं. ती माणसं भित्री नव्हती. ज्याच्या घरात कुणी हृदयविकाराने गेलं आहे, त्याला हे होऊ शकतं. "तुला काही झालेलं नाही" असं बोलून ते जात नाही. त्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, ती घ्यावीत. मला निदान कळल्यावर अर्धा त्रास गेला, बाकीचा उपचाराने.

८. चांगल्या दिवसातला ईसीजी जवळ ठेवा.

ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो आणि आमच्या दमट हवेत काही महिन्यांत पुसट होतो. माझी पहिली पट्टी आता कोरी दिसते. म्हणून काढल्या दिवशीच तिचा फोटो घ्या, झेरॉक्स काढा. छातीत दुखेल तेव्हा डॉक्टरांना नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघता येतो, आणि काय बदललं हे लगेच कळतं.

बरगडीचं दुखणं असलेल्या माणसालाही उद्या हृदयविकार होऊ शकतो. माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासतो, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दुखलं तर पुन्हा ईसीजी काढायचा, हे घरात ठरलेलं आहे. तुमच्या घरात चाळिशी उलटलेलं जे कुणी असेल, त्याचा एक ईसीजी या महिन्यात काढून घ्या, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा.