बेडकाची त्वचा आणि यीस्टची भट्टी

2010 साली मध्य दिल्लीपासून 12 किलोमीटरच्या परिसरातून पाण्याचे नमुने गोळा करण्यात आले. सरोजिनी नगरही याच परिसरात येते. नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2, तर साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत एनडीएम-1 हे जनुक सापडले. ते ज्या जीवाणूजवळ असते, त्याच्यापुढे कार्बापेनेमसारखी राखीव औषधेसुद्धा निष्प्रभ ठरतात.

म्हणूनच संशोधक प्राण्यांच्या शरीरातील जंतुनाशक द्रव्यांकडे वळले. भारतातील मोठ्या बेडकाच्या त्वचेत टायगेरिनिन नावाची पेप्टाइडे असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवून दिले. ती अवघी 11-12 अमिनो आम्लांची! अशी पेप्टाइडे धन विद्युतभारित असतात. जीवाणूच्या ऋणभारित पटलाला चिकटून ती त्याला भगदाडे पाडतात.

परंतु औषधापुरते पेप्टाइड मिळवण्यासाठी किती बेडूक मारावेत? जनुक जीवाणूतच घातले, तर कारखाना आपल्याच मालाने मरण्याची भीती. यीस्टच्या पेशीची घडण वेगळी असते. पिकिया पास्टोरिस या यीस्टमध्ये जनुक घालून त्याला मिथेनॉल पुरवले, की पेप्टाइड तयार होऊन बाहेरच्या द्रवात उतरते. हैदराबादची हिपॅटायटिस-बीची लस 1997 मध्ये याच यीस्टच्या साहाय्याने बाजारात आली, तेव्हा हा मार्ग आपल्याकडे अपरिचित नाही.

अडचणी मात्र उरतातच. काही पेप्टाइडे यीस्टलाही मारतात. काहींचे तुकडे यीस्टचीच विकरे करतात. शिवाय अनेकांच्या टोकाला लागणारा अमाइड गट यीस्टला जोडता येत नाही. तो नंतर वेगळ्या विकराने जोडावा लागतो.