'अनिकेत' आणि 'विस्थापित'

श्रीमद्भगवद्गीतेच्या १२ व्या अध्यायात भगवंतांनी भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत १९ व्या श्लोकात 'अनिकेत' असे एक पद येते. पद लहान, पण नीट उकलले नाही तर मोठा घोटाळा करणारे. म्हणून या महिन्याच्या पाठाला आम्ही तेच घेतले आहे.

आधी व्युत्पत्ती पाहू. 'कित्' या धातूपासून 'निकेत' शब्द झाला. धातुपाठात या धातूचे दोन अर्थ दिले आहेत: एक राहणे, दुसरा रोग दूर करणे. पहिल्यापासून 'निकेत' म्हणजे घर, दुसऱ्यापासून 'चिकित्सा'. ज्याला निकेत नाही तो अनिकेत. आद्य शंकराचार्यांनी 'ज्याला ठराविक निवासस्थान नाही तो' असा अर्थ केला आहे. माउलींनी वाऱ्याचा दृष्टांत दिला. वारा काही एका जागी बिऱ्हाड थाटीत नाही. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी या भक्ताला लगेच घर दिले आहे, आणि ते विश्वाएवढे दिले आहे. म्हणजे घर नसणे हे त्याचे लक्षण नव्हे. 'हे माझे, ते तुझे' ही मधली भिंत पडणे हे लक्षण.

नव्या मुंबईतल्या एका गावठाणात हे निरूपण चालू असता एक माळकरी गृहस्थ उठून म्हणाले, "महाराज, आमचं घर विमानतळात गेलं. मग आम्ही आपसूकच अनिकेत झालो म्हणायचं का?" मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

या भूमीची हकीकत वाचकांना ठाऊक असेल. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात जे आंदोलन झाले त्यात ५ जणांनी प्राण दिले. पुढे विमानतळासाठी १० गावांना मूळ जागा सोडावी लागली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या लोकांना सरकारदरबारी 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणात चंद्राला ग्रास लागतो, तोच हा 'ग्रस्' धातू. शब्द करणाऱ्याने नकळत खरे तेच सांगून टाकले!

आता व्याकरणाकडे लक्ष द्यावे. 'ग्रस्त', 'विस्थापित', 'निर्वासित' या तिन्ही शब्दांच्या शेवटी 'क्त' प्रत्यय आहे आणि तिन्ही ठिकाणी अर्थ कर्मणी आहे. ग्रासला गेलेला, जागेवरून हलवला गेलेला, बाहेर घालवला गेलेला. क्रिया एकाची आणि भोग दुसऱ्याचा. १९४७ नंतर सिंधमधून येऊन कल्याणच्या छावणीत राहिलेल्यांना आपण 'निर्वासित' म्हटले, ते याच अर्थाने. 'अनिकेत' या पदात असा दुसरा कर्ता नाही. तिथे कोणी कोणाला काढलेले नाही. ज्याची त्यानेच ममता सोडलेली आहे. म्हणून त्या गृहस्थांना आम्ही उत्तर दिले, "नाही हो बाबा. तुम्ही सोडलं नाहीत, तुमचं गेलं. अनिकेत ही साधना आहे, अन् विस्थापन हे दुःख आहे. दुःखाला साधनेचं नाव देऊन ते झाकू नये."

हा भेद आपल्या परंपरेत एकाच घरात पाहायला मिळतो. विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला, तेव्हा ते आपल्या इच्छेने अनिकेत झाले. गुरूंच्या आज्ञेने ते परत गृहस्थाश्रमात आले, तर आळंदीने त्यांना वाळीत टाकले. ती चार लेकरे निराधार झाली, ती स्वतःच्या इच्छेने नव्हे; जगाने केली. बापाचे घर सोडणे हे वैराग्य आणि मुलांवर दार लावणे हा अन्याय. दोन्हींत घर नाही, म्हणून दोन्ही सारखी काय? ज्याच्यावर दारे लागली त्यानेच पुढे शके १२१२ मध्ये नेवाशाला 'अनिकेत' पदाचा अर्थ सांगताना अवघ्या विश्वाला घर म्हटले. हे माउलींचे थोरपण. पण त्यामुळे दार लावणाऱ्यांचे कृत्य चांगले ठरत नाही.

तेव्हा कीर्तनकारांनी एक पथ्य पाळावे. 'अनिकेत' हे पद स्वतःला लावून पाहावे, दुसऱ्याला लावू नये. ज्याचे छप्पर गेले त्याच्यापुढे वैराग्य सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे होय. आपण वारकरीही वारीत राहुटीत निजतो, पावसात भिजतो. पण घराची किल्ली कनवटीला असते. तो अभ्यास आहे, आणि चांगला अभ्यास आहे. त्याला सिद्धी समजू नये.

मग खरा अनिकेत ओळखावा कसा? गाडगेबाबांकडे पाहावे. अंगावर चिंध्या, हातात खराटा नि गाडगे, स्वतःसाठी झोपडी नाही. पण पंढरीत ज्यांना कोणी उतरू देत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. १९५६ साली बाबा गेले. आज त्यांच्या नावाच्या मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग उतरतात. निवारा आणि उपचार, 'कित्' धातूचे दोन्ही अर्थ एका छपराखाली आले! ज्याचे 'माझे घर' सुटले, त्याच्या हातून दुसऱ्याचे घर उभे राहते. हीच त्याची खूण.

खारघरलाही टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग रुग्णालय आहे. गावोगावचे रोगी तिथे येतात, आणि सोबतच्या माणसाला पाठ टेकायला जागा मिळणे कठीण जाते. आसपासच्या भजनी मंडळांनी आपल्या मंदिराचा सभामंडप रात्री अशांसाठी उघडा ठेवावा, एक सतरंजी आणि पाण्याची कळशी ठेवावी. १२ व्या अध्यायाचे पारायण नित्य करावेच. त्याचे उद्यापन असे व्हावे.

रामकृष्णहरि.