थिजलेल्या लाव्हारसाचा माग

सह्याद्रीचे कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून बनले. तो वाहताना पाहण्यास मनुष्य नव्हता. म्हणून भूशास्त्रज्ञ हवाई बेटांवरील जिवंत प्रवाह न्याहाळतात आणि तशाच खुणा येथील कड्यांत शोधतात. प्रवाहाच्या पृष्ठावर प्रथम दुधासारखी साय धरते. ती उष्णता कोंडून ठेवते, तिच्याखाली नवा रस शिरत राहतो व थर फुगत जातो. बुडबुड्यांची छिद्रे या क्रमाची साक्ष देतात.

जुन्या मद्रास इलाख्यातील राजमहेंद्रीजवळचा बेसाल्ट रासायनिक घटक व चुंबकीय दिशा या दोन्ही बाबतींत महाबळेश्वर परिसरातील थरांशी जुळतो. तेव्हा हा रस पश्चिमेकडून नदीखोऱ्यांतून सुमारे 1,000 किलोमीटर वाहत गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. एवढा पल्ला उघड्यावर गाठणे कठीण. सायीखालून मात्र शक्य आहे.