सलाईन जाते कुठे? : स्वादुपिंडदाह आणि पांढऱ्या पेशी

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या रात्री माझ्या मामांच्या पोटात एकाएकी कळ उठली. ती पाठीपर्यंत गेली, उलट्या थांबेनात. पहाटे त्यांना सिंदीहून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले. तीव्र स्वादुपिंडदाह असे निदान झाले. "लपून दारू पीत असेल," अशी कुजबुज गावात सुरू झाली. मामांनी दारूला कधी हात लावलेला नाही. दारू हे या रोगाचे एक प्रमुख कारण आहे हे खरे. पण पित्ताशयातील खडा हेही तसेच प्रमुख कारण आहे, हे आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते.

मामींचा प्रश्न वेगळाच होता. "बाटलीवर बाटली लावून राह्यले, पोट फुगलं, मंग लघवी काऊन होत नाही? सलाईन जाते कुठे?" घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून उत्तर माझ्याकडे मागितले गेले. मी तर कला शाखेची. वॉर्डातील एका डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर आकृती काढून दिली. बाकीचे मी पुस्तकांतून जुळवले.

जठरामागील स्वादुपिंडात पाचक रस तयार होतात. त्यांतील ट्रिप्सिन लहान आतड्यात पोचेपर्यंत निद्रिस्त असते. नळीच्या तोंडाशी खडा अडकला की ते ग्रंथीतच जागे होते आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हान्स कियारी यांनी 1896 साली हा विचार मांडला. परंतु मामींच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात मिळत नाही.

जखमी पेशींतून धोक्याचे रासायनिक संदेश सुटतात. भक्षकपेशी ते ओळखतात व आणखी संदेश रक्तात सोडतात. मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. वास्तविक सुरुवातीला तेथे जंतू नसतातच! केशवाहिनीची भिंत म्हणजे पेशींचा एकच थर, त्यावर साखरयुक्त रेणूंचे नाजूक अस्तर. न्यूट्रोफिल या भिंतीला चिकटतात, भेदून पलीकडे जातात, आणि जंतूंसाठी राखलेली शस्त्रे तेथेच वापरतात : प्रथिने तोडणारे इलॅस्टेज, प्राणवायूचे दाहक अणुरेणू. आपल्याच डीएनएच्या धाग्यांची जाळीही त्या फेकतात. ही जाळी शास्त्रज्ञांना 2004 साली प्रथम दिसली. जाळीत रक्त गोठते, बारीक वाहिन्या तुंबतात. चोर धरायला धावलेल्यांनी उभे पीक तुडवावे, तसा हा प्रकार.

अस्तर झिजले, पेशींमधले सांधे सैल झाले की रक्तातील पाणी व अल्ब्युमिन बाहेर झिरपते. पोट फुगते, फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते. वाहिन्यांत मात्र रक्त दाट व कमी. मूत्रपिंडाला ते पुरेसे पोचत नाही, म्हणून लघवी अडते. सलाईन शरीरातच असते, पण वाहिन्यांच्या बाहेर.

म्हणजे जास्त सलाईन दिले की झाले, असे मला वाटले होते. तेही चूक. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत भरभरून सलाईन दिलेल्यांपैकी शंभरात सुमारे वीस जणांच्या अंगात पाणी अति झाले. बेताने दिलेल्यांत सुमारे सहा.

मग पांढऱ्या पेशींनाच का आवरू नये? उंदरांत न्यूट्रोफिल आधीच घटवले तेव्हा इजा कमी झाली. माणसांत मात्र लेक्सिपाफँट हे औषध 290 रुग्णांवर तपासले गेले. पांढऱ्या पेशींना चेतवणारा व वाहिन्या पाझरवणारा एक संदेश ते अडवते. 2001 साली निष्कर्ष आला. अपेक्षित लाभ दिसला नाही. माझ्या मते कारण उघड आहे : उंदराला औषध वेळेवर देता येते, माणूस दवाखान्यात पोचतो तोवर वाहिन्या पाझरू लागलेल्या असतात. शिवाय पुढे मृत ग्रंथीत जंतू शिरले तर याच पेशी हव्या असतात.

पाचांतील चौघांचा हा रोग सौम्यच असतो. मामा त्या चौघांत नव्हते, तरी वाचले. पुढे शस्त्रक्रियेने त्यांचे पित्ताशय काढले. त्यातला खडा मामींनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. कोणी दारूचा विषय काढला की त्या ती डबी उघडून दाखवतात.